आंबा म्हणायला दोन ओठ लागतात

कुडाळच्या एसटी स्टँडवर मे महिन्यात गाडी लागली की खिडक्यांखाली पाट्या येतात. त्या दिवशीची पाटी दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावर होती. एका बाजूला भाजलेल्या काजूगरांच्या पुड्या, दुसऱ्या बाजूला रायवळ आंबे. "काजूऽ, काजूऽ" हे तो खणखणीत ओरडत होता. त्याच दमातला पुढचा शब्द मात्र "आं'ए" असा, मधलं काहीतरी गळून पडल्यासारखा येत होता. खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "काय रे? काय आहे?" त्याने पुन्हा "आं'ए" म्हटलं, मग शब्दाचा नाद सोडून पाटीतला एक आंबा उचलला आणि वर धरला. तेव्हा त्याचं तोंड दिसलं. दोन्ही ओठ सुजून बाहेर आलेले, काठावर पाणी भरलेले बारीक फोड, उजव्या कोपऱ्याला काळपट खपली. बाकाच्या कडेला बसलेली त्याची आजी आपणहून म्हणाली, "चीक लागलो, दुसरा काय. कितक्यांदा सांगलंय, देठाकडसून चावू नको म्हणान." बाईंनी डझनभर आंबे घेतले आणि गाडी सुटली.

त्याच्या सुजेचं वाईट वाटलंच. पण डोक्यातून जाईना ते वेगळंच होतं: त्याच तोंडातून 'काजू' धड आला आणि 'आंबे' मोडला.

चिकापासूनच सुरुवात करावी लागते. आंब्याच्या देठात आणि सालीत चिकाच्या नळ्या असतात आणि त्यांत चीक दाबाखाली भरलेला असतो. म्हणून देठ मोडल्याबरोबर पहिली चिळकांडी उडते आणि मग बराच वेळ थेंब थेंब ओघळत राहतो. या पहिल्या चिळकांडीत तेलकट, जहाल भाग जास्त असतो. घळाने, म्हणजे जाळी बांधलेल्या लांब काठीने, आंबे उतरवणारे गडी म्हणूनच देठाचा बोटभर तुकडा फळाला ठेवतात. तो मोडला तर चीक सालीवर पसरतो आणि फळावर काळा डाग पडतो. जिथे आंब्याची साल जळते तिथे ओठाचं काय होत असेल! आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. बिब्बा अंगावर उततो हे घराघरात ठाऊक असतं, काजूच्या टरफलातलं तेल कातडी सोलवटून काढतं हेही ठाऊक असतं. आंब्याच्या चिकात त्याच जातीची रसायनं थोड्या प्रमाणात असतात, याचा मात्र आंब्यावरच्या प्रेमापोटी सगळ्यांना विसर पडतो.

चीक दोन तऱ्हांनी बाधतो, आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. ताजा चीक लागला की लगेच चुरचुरतं, तो साधा दाह. दुसरी तऱ्हा सावकाशीची. शरीराने ते रसायन पूर्वी कधीतरी ओळखून ठेवलेलं असतं, आणि पुन्हा गाठ पडली की एक ते दोन दिवसांनी ओठ सुजतात, खाजतात, फोड येतात. तोवर परवाचा आंबा विसरलेला असतो आणि दोष कालच्या मासळीवर किंवा नव्या टूथपेस्टवर जातो. "मी तर लहानपणापासून खातोय, मला कधी काही झालं नाही," हे म्हणणंही इथे टिकत नाही, कारण ही ओळख कितव्या खेपेला पक्की होईल याचा नेम नसतो. ज्यांचे हात वर्षानुवर्षं काजूच्या बियांत असतात, त्यांची ओळख आंब्याच्या आधी काजूनेच पटवून ठेवलेली असू शकते. त्या मुलाच्या पाटीत दोन्ही भावंडं शेजारी शेजारी होती.

चीक हातालाही लागतो, हनुवटीलाही लागतो. मग सगळ्यात जास्त उठतात ते ओठच का?

आरशासमोर उजेडात उभं राहून ओठ नीट पाहिला तर त्यावर तीन प्रदेश दिसतात. बाहेर नेहमीची कातडी, तिच्यावर लव, घामाची छिद्रं, तेलाच्या ग्रंथी. आत तोंडाचं ओलं अस्तर. त्यावरून जीभ फिरवली तर बाजरीच्या दाण्यासारख्या बारीक गाठी लागतात, त्या लाळेच्या छोट्या ग्रंथी. कधी ओठ दाताखाली चावला जाऊन त्यातल्या एखादीची वाट बंद होते आणि आत निळसर पाणीदार फोड येतो, तो त्यामुळेच. या दोघांच्या मधला लाल पट्टा म्हणजे आपण ज्याला ओठ म्हणतो तो. त्याला ना लव, ना घाम, ना स्वतःची लाळ. तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नाहीतच. पुष्कळांच्या वरच्या ओठावर पिवळसर ठिपके दिसतात, त्या चुकून इकडे राहिलेल्या तेलग्रंथी. तो आजार नव्हे, आणि दाबून पिळायची तर मुळीच गरज नाही. या पट्ट्याचं वरचं आवरण इतकं पातळ असतं की खालच्या बारीक रक्तवाहिन्यांचा रंग त्यातून वर दिसतो. ओठाचा लाल रंग हा असा रक्ताचा आहे. आपल्याकडच्या सावळ्या ओठांवर त्यावर तपकिरी रंगद्रव्याची झाक असते, म्हणून तो जांभळट किंवा मातकट दिसतो. रक्त कमी असलं की हा पट्टा फिका पडतो. श्वास कोंडला, रक्तातला प्राणवायू घटला, की तो निळसर होतो. सावळ्या माणसात हे बाहेरून चटकन कळत नाही, खालचा ओठ हलकेच उलटून आतलं अस्तर पाहावं लागतं.

चिकापुढे, उन्हापुढे, वाऱ्यापुढे हा पट्टा असा जवळजवळ उघडाच उभा असतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तो कोरडा असतो, आणि एरवी दमट हवेत बऱ्या असलेल्या कोकणातल्या ओठांनाही भेगा पडतात. मग जीभ फिरवली जाते. घटकाभर बरं वाटतं. ती लाळ उडून जाताना ओठाचा ओलावाही घेऊन जाते, आणि लाळेतली पाचक द्रव्यं त्या पातळ पापुद्र्यावर आपलं काम करत राहतात. लहान मुलांच्या तोंडाभोवती लालसर कडं उमटतं, ते बहुतेक वेळा या चाटण्याचंच.

लाल पट्टा संपून कातडी सुरू होते तिथे एक अगदी बारीक, किंचित उचललेली, फिकट रेघ असते. प्रकाश तिच्यावर थांबतो. ओठांना आकार आहे असं आपल्याला वाटतं ते मुख्यतः या रेघेमुळे. वरच्या ओठाच्या मधोमध ती खाली वाकते आणि दोन बाजूंना दोन शिखरं करते. त्या शिखरांवरून नाकाकडे दोन कणे जातात, मध्ये पन्हळ. पन्हळीच्या टोकाशी, लाल भागाच्या मध्यावर, एक लहानशी गोळी. तान्ह्या बाळात ती ठळक दिसते, दूध ओढून ओढून तिच्यावर कधी फोडही येतो आणि आपला आपण जातो.

ही रेघ किती नेमकी आहे हे दोघांना विचारावं: ओठ शिवणाऱ्या सर्जनला आणि दशावतारात स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाला. धयकाल्यांच्या, म्हणजे दशावताराच्या खेळांच्या, हंगामात देवळामागे पेटीच्या आरशासमोर नट स्वतःच रंगायला बसतो. पुरुषाचा वरचा ओठ सहसा पातळ, नाकापासूनचं अंतर जास्त, वर मिशीची हिरवट सावली. जाणता नट आधी ओठांसकट सगळं तोंड एकाच रंगाने लिंपून टाकतो, म्हणजे आपली खरी रेघ बुजवतो. मगच नवी काढतो, मधल्या दोन शिखरांपासून सुरू करून कोपऱ्यांकडे, आणि कोपऱ्यापर्यंत न्यायच्या आधी थांबतो. नवखा उलटं करतो. खरी रेघ तशीच ठेवून तिच्या बाहेर लाली फासतो, आणि बोलायला तोंड उघडलं की दिव्याच्या उजेडात दोन काठ दिसतात, एक हलणारा, एक फासलेला. शिवाय दशावतारात संवाद पाठ केलेले नसतात, रात्रभर उत्स्फूर्त बोलायचं असतं. त्यामुळे लाली आधी आतून, ओल्या कडेने, उडत जाते. पहाटेपर्यंत बाहेरची रेघ तेवढी उरते आणि आत नटाचे स्वतःचे ओठ दिसू लागतात. दमलेल्या चेहऱ्यावरचं ते दृश्य मला रंगवलेल्या रूपापेक्षा जास्त देखणं वाटतं.

सर्जनला ती रेघ मिलिमीटरने मोजावी लागते. जेटीवर घसरून ओठ फाटला, तर टाके घालताना पहिला टाका या रेघेवर पडतो, बाकीचे नंतर. तीही भूल देण्याच्या आधी खूण करून ठेवायची, कारण ओठातच सुई टोचली की तो फुगतो आणि रेघ हरवते. म्हणून जाणता डॉक्टर खालच्या ओठासाठी हनुवटीच्या बाजूला, जिथून त्या ओठाची संवेदना नेणारी नस हाडातून बाहेर येते, तिथे भूल देतो. एक मिलिमीटरची पायरी राहिली तरी समोर बोलणाऱ्याच्या नजरेत ती आयुष्यभर येत राहते. दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांनी एवढंच करायचं: स्वच्छ कापड घेऊन ओठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, आतून एक बोट आणि बाहेरून एक, असा दहा मिनिटं घट्ट धरायचा. ओठाची धमनी आतल्या अस्तराच्या जवळून जाते, नुसतं बाहेरून दाबून ती थांबत नाही. आणि दात तुटला असेल तर त्याचा तुकडा सापडला का ते पाहायचं, तो कधी ओठातच रुतून बसतो.

गर्भात हा वरचा ओठ तीन तुकड्यांचा असतो, मधला एक आणि बाजूचे दोन. दुसऱ्या महिन्याच्या शेवटापर्यंत ते एकमेकांना चिकटतात. पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस गेल्याची नुकतीच कुठे खात्री झालेली असते. ते चिकटले नाहीत तर दुभंगलेला ओठ घेऊन मूल जन्माला येतं. ग्रहणात आईने काही कापलं, चिरलं म्हणून असं झालं, हे अजूनही ऐकू येतं, आणि ऐकताना राग येतो, कारण ती आई आधीच सगळी रात्र स्वतःला दोष देत बसलेली असते. ग्रहणाचा त्यात काही संबंध नाही. साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया करून तो ओठ जोडता येतो. त्यात नुसती कातडी सांधून भागत नाही, आतला स्नायूही दोन्हीकडून सोडवून मध्यावर आणून जोडावा लागतो. नाहीतर ओठ दिसायला मिटतो, पण मूल फुंकर घालू लागलं की फुगा येतो.

हा स्नायू म्हणजे ओठाचं खरं शरीर. तोंडाभोवती तो कड्यासारखा दिसतो, पण ते एकसंध कडं नाही. दोन्ही कोपऱ्यांबाहेर एकेक गाठ असते, गालावर आतून-बाहेरून चिमटीत धरली तर लागते. हसवणारे, रडवणारे, गाल आत ओढणारे असे कितीतरी स्नायू तिथे येऊन एकमेकांत गुंततात. त्या गाठींच्या आधारावर मधला स्नायू ओठ मिटतो, पुढे काढतो, दातांवर घट्ट बसवतो. शिमग्यात पालखीपुढे शिंग फुंकणारा किंवा देवळात शंख वाजवणारा याच जोरावर वाजवतो. शंखात आवाज तयार होत नाही, तो ओठांत तयार होतो. घट्ट मिटलेल्या ओठांच्या फटीतून वारा सोडला की ते सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात, शंख तो थरथराट मोठा करतो. शिकणारा गाल फुगवतो, वारा कोपऱ्यांतून निसटतो आणि शंखातून नुसता फुसकारा येतो. कोपरे आवळायचे आणि मधला भाग सैल ठेवायचा, ही एवढी गोष्ट जमायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन महिने.

स्नायूला हुकूम देणारी नस वेगळी आणि ओठाची जाणीव नेणारी नस वेगळी. म्हणून एखादे सकाळी चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळू लागतं, 'प' म्हणताना वारा निसटतो, पण त्या बाजूला बोट लावलं तर स्पर्श कळतो. "रात्री गाडीत खिडकीशी बसलो, वारा लागला," असं सांगतात. तेव्हा कपाळाकडे पाहायचं. त्याच बाजूच्या कपाळाला आठी पडत नसेल, डोळा मिटत नसेल, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलेली असते. तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर बरं होण्याची आशा चांगली. कपाळाला आठी नीट पडते, फक्त ओठ ओघळलाय, हात जड वाटतोय, बोबडं बोललं जातंय, तर तो मेंदूतला घोटाळा असू शकतो. तिथे तेल चोळत बसायला वेळ नसतो. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गाठ विरघळवायचं इंजेक्शन ४.५ तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्याकडच्या घाटीच्या रस्त्यांवर त्यातला बराच वेळ गाडीतच जातो.

आता त्या मुलाचा शब्द. आपली वर्णमाला रचणाऱ्यांनी तोंडाचा नकाशाच काढून ठेवलाय. क, ख घशाशी, च, छ टाळूला, ट, ठ त्याच्या पुढे, त, थ दातांशी, आणि शेवटच्या ओळीत प, फ, ब, भ, म. ओठांच्या पलीकडे बाहेरची हवा, म्हणून ओळ तिथे संपते. या पाचांना ओठ एकमेकांना भेटावेच लागतात. 'आंबे' म्हणताना ओठ मिटतात, क्षणभर नाकातून गुंजतं, तो 'म'चा अंश. मग दोन्ही ओठांमागे दाब साठतो आणि ते फटकन सुटतात, तो 'ब'. सुजलेल्या, फोड आलेल्या ओठांना नेमकं हेच नको असतं, एकावर एक घासणं आणि दाबणं. मूल नकळत ते टाळतं आणि शब्दाच्या मध्यात भोक पडतं. 'काजू'ला यातलं काहीच लागत नाही. मागून 'का', जिभेने 'ज', आणि शेवटी 'ऊ'साठी ओठ जरा पुढे काढायचे, एवढंच. बोलक्या बाहुल्यांचे शब्दभ्रमकारही याच पाच अक्षरांपाशी अडतात. ओठ न हलवता बाकीचं बहुतेक म्हणता येतं, ही पाच जिभेच्या युक्तीनेच निभवावी लागतात.

कोकणातल्या मे महिन्याची नावं घेऊन पाहिली. आंबा, फणस, जांभूळ, भिरंड, कोकम. सगळ्यांना ओठ लागतात. करवंदाच्या 'व'ला निदान खालचा ओठ वरच्या दातांजवळ न्यावा लागतो. काजू आणि नारळ तेवढे सुटतात.

आणि आई सुटते. बाबा, मामा, पप्पा, मम्मी, सगळ्यांना ओठ मिटावे लागतात. 'आई' म्हणायला लागत नाहीत.

त्या आजीच्याही ओठांकडे पाहिलं होतं. खालचा ओठ काळपट, आणि बोलताना मिश्रीचा तो जळका, ओळखीचा वास. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची, सकाळी दातांना लावायची, आणि मग दुपारी, संध्याकाळीही. दिवसभर उन्हात बसून पाटी विकणाऱ्या बाईचा तो एकमेव विसावा असतो हे कळतं, त्यामुळे नुसतं 'सोडा' म्हणून मोकळं होणं जमत नाही. पण तंबाखूची चिमूट रोज जिथे दबून राहते, ओठ आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, तिथलं अस्तर आधी पांढरट, सुरकुतलेलं होतं. तिथे दुखत नाही, हाच धोका. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, राबणाऱ्यांचा खालचा ओठही असाच बोलतो, कारण तो वरच्यापेक्षा पुढे आणि आकाशाकडे वळलेला असतो, त्याला वरून ऊन आणि खालून पाण्यावरचा उजेड. ओठाची रेघ पुसट होणं, पांढरे चट्टे, खरखरीत पापुद्रा सतत एकाच जागी येणं, आणि तीन आठवड्यांत न भरलेली जखम, यांपैकी काही असेल तर मलम बदलत बसू नये, डॉक्टरला दाखवावं. कोपऱ्यातल्या चिरांचं वेगळं. कवळी जुनी होऊन झिजली की ओठ आत बसतात, कोपऱ्यांत लाळ साचते, बुरशी धरते. तिथे कवळी दुरुस्त करणं हेच औषध. कवळी नसलेल्यांत लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वं कमी पडलीत का ते पाहावं.

चिकाने उठलेल्या ओठांना मात्र थोडक्यात पुरतं. सौम्य साबणाने आणि भरपूर पाण्याने ओठ, हात, नखं धुवायची. नखांखालचा चीक मग डोळ्यांना लागतो. फोड फोडायचे नाहीत, लिंबू, चुना, टूथपेस्ट यांतलं काही लावायचं नाही. खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन पातळ लावत राहायचं. सूज डोळ्यांपर्यंत गेली किंवा गिळताना, श्वास घेताना अडलं तर लगेच दवाखाना. कोकणात हात आधी जातो तो मुठेलाकडे. कोकमांच्या साली आमसुलांसाठी वेगळ्या काढल्या की बिया वाळवून ठेवतात, फोडून आतला गर कुटतात, पाण्यात उकळतात, वर आलेलं तूप काढून थंड झालं की मुठीत दाबून गोळे करतात. ते साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणूनच मे महिन्यातही फडताळात घट्ट राहतं. ओठ त्याहून थंड असतात, तेव्हा गोळा तसाच ओठावर घासला तर तो वितळत नाही, उलट खपली खरवडून नेतो. नखभर खरवडून, पळीत ऊन करून, दोन थेंब खोबरेल घालून कोमट लावायचं. चीक त्याने उतरत नाही, उघड्या पडलेल्या जागेला तात्पुरतं छत मिळतं. आणि आंबा खायच्या आधी देठ मोडून फळ उलटं धरावं, चीक पुरता गळू द्यावा, धुवावं, देठाकडची चकती कापून टाकावी. रायवळ चोखायचा तर सालीसकट तोंडात घालू नये. हे सगळं दहा वर्षांच्या मुलाला सांगून किती उपयोग, ते त्याच्या आजीला विचारावं.

ओठ भरतात लवकर. रक्त भरपूर, पापुद्रा पातळ, त्यामुळे आठ-दहा दिवसांत खपली सुटते. खालची नवी कातडी आधी गुलाबी आणि मग काही आठवडे आजूबाजूपेक्षा काळसर दिसते. पुढच्या पंधरवड्यात तीच गाडी, तेच स्टँड. काळसर काठ घेऊन तो मुलगा पाटीसकट दोन फलाट पलीकडे, मालवणच्या गाडीपाशी होता. चेहरा नीट दिसत नव्हता. इंजिनाच्या घरघरीतून 'काजू' ऐकूच आला नाही. "आंबेऽ, आंबेऽ" मात्र स्पष्ट येत होतं, प्रत्येक वेळी मधला 'ब' फटकन सुटत होता.